सभात्याग न केलेला कंडक्टर

चरित्राच्या आरंभी चरित्रनायकाचे पूर्ण नाव आणि जन्ममृत्यूची वर्षे नोंदवावीत, हा शिरस्ता योग्यच आहे. वर्षे निर्विवाद आहेत: जन्म १९४३, मृत्यू २०१७. पूर्ण नाव मतदारयादीत आहे, निवृत्तिवेतनाच्या पुस्तकात आहे आणि मृत्यूच्या दाखल्यावरही आहे. परंतु त्या नावाने हाक मारली असता हे गृहस्थ मागे वळून पाहत नसत. सारे शहर त्यांना ‘डबलबेल’ म्हणे. टपालवाला त्या नावावर आलेली पाकिटे बिनचूक पोचवी, आणि पुढे मतपत्रिकेवर खऱ्या नावाशेजारी कंसात हेच नाव छापावे लागले. अन्यथा मतदारांनी उमेदवार कोण म्हणून विचारले असते.

डबलबेल चौतीस वर्षे नगरपालिकेच्या बससेवेत कंडक्टर होते. छतालगतच्या दोरीने ते घंटा दोनदा वाजवीत आणि गाडी निघे, यावरून हे नाव पडले. वस्तुतः सर्वच कंडक्टर घंटा दोनदा वाजवतात. पण इतरांच्या घंटेत ‘निघू या का?’ अशी विचारणा असे. यांच्या घंटेत निर्णय असे. आवाजही त्याच जातीचा. “आत चला, आत चला, पुढं जागा आहे!” ही त्यांची हाक ऐकून, जिथे मुंगीला शिरकाव नाही अशा गाडीत आणखी नऊ माणसे मावत. ती जागा कोठून येई, हे शास्त्राला अद्याप कळलेले नाही.

नोकरीत त्यांनी दोन नियम पाळले. पहिला असा की, माणसे, तिकिटे आणि पैसे यांचा मेळ प्रत्येक टप्प्यावर घालायचा. शेवटच्या थांब्यापर्यंत चूक वाहून न्यायची नाही. “चूक म्हणजे गाडीत चढलेला फुकट्या,” ते म्हणत. “पहिल्या थांब्यावर उतरवला तर दोन शब्दांत भागतं. डेपोपर्यंत नेला तर तो तुमच्या घरी जेवायला येतो.” दुसरा नियम असा की, शेवटचा प्रवासी उतरल्याशिवाय कंडक्टरने उतरायचे नाही. एकदा चढावर इंजिनातून धूर निघाला तेव्हा चालकाने खिडकीतून उडी मारली आणि बसला त्याच्या हातून कधी न लाभलेल्या वेगाने तो पळत सुटला. डबलबेल यांनी एकेचाळीस प्रवासी मोजून उतरवले, बाकांखाली वाकून पाहिले, आणि मग हातात जेवणाचा डबा घेऊन स्वतः खाली आले. लांब उभ्या असलेल्या चालकाला तो देत ते एवढेच म्हणाले, “साहेब, घाईत डबा राहिला तुमचा.”

निवृत्तीनंतर ते थोरल्या बहिणीबरोबर, म्हणजे आक्कांबरोबर, दुसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांत राहू लागले. दोघांचीही लग्ने झाली नव्हती. घरात एकच कटकट पुरे, असे दोघेही एकमेकांकडे बोट दाखवून सांगत. आक्का टेलिफोन कार्यालयात ऑपरेटर होत्या, त्यामुळे नको असलेले बोलणे मध्येच तोडण्याचा त्यांना सराव होता. साठी ओलांडल्यावर त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. आठवड्यातून तीनदा शहराच्या दुसऱ्या टोकाच्या रुग्णालयात जाऊन, चार तास यंत्राला जोडून घेऊन रक्त शुद्ध करून घ्यावे लागे. सकाळी सहा दहाला सुटणारी सात नंबरची बस त्यांना तेथे सातच्या आत पोचवी. त्या बसमध्ये असे एकूण अकरा रुग्ण असत, आणि पहिल्या बाकावर कोणी बसायचे यावरून त्यांच्यात रोज वाद होई. भाड्याच्या गाडीने जायचे तर दोघांच्या निवृत्तिवेतनात महिन्याचे बारा दिवस भागले असते. उरलेल्या अठरा दिवसांचे रक्त अशुद्धच राहिले असते.

निवडणुकीत ते उभे राहिले नाहीत, उभे केले गेले. विरोधी गटाचे नेते व्यवसायाने वकील होते. ज्या प्रभागात त्यांचा गट कायम पडत असे, तेथे पडण्यास तयार असा माणूस त्यांना हवा होता. डबलबेल एकोणीस मतांनी निवडून आले. वकीलसाहेबांनी हार घालताना केलेला चेहरा छायाचित्रात टिकून आहे. तो हर्षाचा आहे असे म्हणता येत नाही.

आता त्या सभागृहाची एक परंपरा सांगणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखक तेथे सभासचिव असल्यामुळे ती त्याने अकरा वर्षे जवळून पाहिली होती. सदस्य एकूण बावीस; सत्ताधारी पंधरा, विरोधी सात. अर्थसंकल्पाच्या दिवशी अध्यक्ष भाषण सुरू करीत. ते सिमेंटचे घाऊक व्यापारी असल्याने त्यांच्या भाषणातही भराव पुष्कळ असे. चौथ्या परिच्छेदाला वकीलसाहेब उठत, “हा लोकशाहीचा खून आहे!” असे गरजत आणि आपले सदस्य घेऊन बाहेर पडत. व्हरांड्यात शिपायाने सात खुर्च्या आणि सात कप आधीच मांडून ठेवलेले असत. आत अर्थसंकल्प चार मिनिटांत एकमताने मंजूर होई. मग सर्वजण एकत्र बिस्किटे खात, आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात दोघांचीही छायाचित्रे येत: एकाचे विकासपुरुष म्हणून, दुसऱ्याचे लढवय्या म्हणून. लोकशाहीचा अकरा वेळा खून झाला आणि अकराही वेळा ती चहाला हजर होती. इतिवृत्त आदल्या दिवशीच टंकलिखित करून ठेवण्यात येई. सभात्यागाच्या वेळेपुरती जागा मोकळी सोडलेली असे.

या सौहार्दाचा परिणाम असा की, पहिल्या चार परिच्छेदांनंतर अर्थसंकल्पात काय असते, हे अकरा वर्षांत कोणीही वाचले नव्हते. जमा आणि खर्च यांतील खड्डा दर वर्षी ‘थकबाकीची अपेक्षित वसुली’ या एका ओळीने बुजवला जाई. ती वसुली कधी होत नसे. मग पावसाळा संपता संपता बँकेकडून गुपचूप कर्ज निघे, आणि त्या कर्जाचे व्याज पुढील वर्षीच्या खड्ड्यात जाऊन बसे. तूट दाखवण्यास नियमाची मनाई नव्हती. मनाई लाजेची होती. डबलबेल यांच्या पहिल्या वर्षी खर्च दोन कोटी दहा लाख आणि खरी जमा एक कोटी बहात्तर लाख, म्हणजे तूट अडतीस लाखांची होती. बँकेने कळवले की, काहीतरी बंद करून दाखवा, मगच पुढचे बोलू. अध्यक्षांनी सात नंबरची बस बंद करायचे ठरवले. त्यात नऊ लाख वाचत होते. उरलेले एकोणतीस लाख नेहमीप्रमाणे ‘अपेक्षित’ होते. त्याच खर्चात बाजारचौकात रंगीत दिव्यांचे कारंजे बसवण्यासाठी चौदा लाख धरलेले होते. आडात नसले तरी पोहऱ्यात आणण्याची ही कला आमच्या लेखापालांना साधली होती, आणि ते तिला नियोजन म्हणत.

अर्थसंकल्पाचे पुस्तक सदस्यांना आठ दिवस आधी मिळे. सहसा ते टेबलाच्या लंगड्या पायाखाली जाई. डबलबेल यांनी ते जेवणाच्या टेबलावर ठेवले, लाकडी पट्टी घेतली आणि एकेका ओळीखाली सरकवत तीन दिवस वाचले. सभेच्या आदल्या संध्याकाळी आक्का पाय वर घेऊन खुर्चीत बसल्या होत्या.

“झालं का पारायण?” त्यांनी विचारले.

“झालं. तुझी गाडी बंद होतेय एक तारखेपासून.”

“ते मला डॉक्टरच्या शिपायानं परवाच सांगितलं. तू काय करणार ते सांग.”

“पक्षाचा आदेश आहे. चौथ्या परिच्छेदाला बाहेर पडायचं.”

“बाहेर काय असतं?”

“चहा असतो.”

“बरं. मग माझ्यासाठीही एक कप आण. अकरा किलोमीटर चालत जायचंय मला, वाटेत घोट घोट घेईन.”

“आक्का, निषेध असतो तो.”

“चौतीस वर्षं गाडीत भांडणं सोडवलीस तू. कधी गाडीतून उतरून सोडवलंस का रे एखादं?” आणि सवयीप्रमाणे त्यांनी तेथेच संभाषण तोडले व डोळे मिटले. डबलबेल यांनी पट्टी उचलली, कोरा कागद घेतला आणि पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून उघडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला सभा भरली. चौथा परिच्छेद आला. लोकशाहीचा बारावा खून जाहीर झाला. खुर्च्या सरकल्या, सहाजण निघाले. सातवे बसून राहिले.

अध्यक्ष वाचता वाचता थांबले. चष्म्यावरून त्यांनी पाहिले, पुन्हा कागदाकडे पाहिले, पुन्हा डबलबेलकडे. “तुम्ही... जायचं नाही का?”

“नाही. तुम्ही वाचा. ऐकतोय मी.”

बाहेरचा कपबशांचा आवाज सभागृहात ऐकू येऊ लागला. वकीलसाहेबांनी दारातून डोके आत घातले. “अहो, उठा ना! आपण सभात्याग केलाय!”

“तुम्ही केलाय, वकीलसाहेब. गाडीत अजून माणसं आहेत. कंडक्टर आधी उतरत नाही.”

“ही गाडी नाही, सभागृह आहे!”

“म्हणूनच कुणी तिकीट विचारत नाही इथं.”

मागोमाग शिपाई येऊन अदबीने म्हणाला, “सातवा कप गार होतोय साहेब. झाकून ठेवू?” त्याला हाताने नाही म्हणून डबलबेल उभे राहिले आणि त्यांनी नियम एकतिसाचा आधार घेतला: एका सदस्यानेही मागणी केल्यास अर्थसंकल्पातील प्रत्येक शीर्ष वाचून मंजूर करावे लागते. नियम खरा होता. तो आजवर कोणी वापरला नव्हता इतकेच. तो मोठ्याने वाचून दाखवताना सचिवालाही तो जुन्या ट्रंकेत सापडलेल्या कोटासारखा वाटला.

अशा रीतीने चौसष्ट शीर्षे वाचली जाऊ लागली. सत्ताधारी सदस्यांनी प्रथम जांभया दिल्या, नंतर घड्याळे पाहिली, आणि विसाव्या शीर्षाच्या सुमारास, आपण इतकी वर्षे कशाला हात वर करीत होतो, हे कळू लागल्याने ते जागे झाले. मग ‘थकबाकीची अपेक्षित वसुली’ ही ओळ आली.

“एकोणतीस लाख,” डबलबेल म्हणाले. “कुणाकडून येणार?”

लेखापालांनी घसा साफ केला. “यादी आहे.”

“वाचा.”

“साबण कारखाना, सतरा लाख.”

“कारखाना बंद होऊन सोळा वर्षं झाली. आता तिथं पत्रासुद्धा उरला नाही, भिंत आहे एक. पुढं?”

“सर्कस कंपनी, मैदान भाडे, तीन लाख.”

“हत्ती विकून गेली ती. मीच सोडलं त्यांना स्टेशनला. पुढं?”

यादी अशी पुढे सरकत गेली. दोन दिवंगत, एक परदेशी गेलेले, एक जप्त झालेले सिनेमागृह. शेवटचे नाव वाचताना लेखापालांचा आवाज फारच खाली गेला. ते एका गोदामाच्या मालकाचे होते: दोन लाख.

“या सगळ्या यादीत हाताशी लागेल असा जिवंत माणूस एकच आहे, अध्यक्षमहाराज,” डबलबेल म्हणाले. “तुमचे सासरे. बाकी सत्तावीस लाखांची तिकिटं तुम्ही न चढलेल्या प्रवाशांच्या नावानं फाडलीत. मी असं केलं असतं तर डेपोत कोट उतरवून घेतला असता माझा.”

अध्यक्ष लाल झाले. “उचलली जीभ लावली टाळ्याला! टीका करायला काय लागतं? तुम्ही सांगा, अडतीस लाख आणायचे कुठून? की तुमच्या आक्कांची बस चालावी म्हणून सगळं शहर गहाण टाकू?”

हा वार वर्मी लागणारा होता, आणि नेहमीच्या विरोधकाला त्यावर उत्तर सापडले नसते, कारण नेहमीचा विरोधक यावेळी बिस्किट बुडवीत असे. डबलबेल यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला.

“आक्काची बस आहेच. लपवत नाही. बसमध्ये दहा माणसं आणखी आहेत, तुमच्या प्रभागातली चार. आता ऐका. कारंजं नको, चौदा लाख. बाजारात गाड्या फुकट उभ्या राहतात, त्यांना भाडं लावा, पाच लाख. त्यात आमच्याच पक्षाचे दुकानदार जास्त आहेत, शिव्या मला द्या. सदस्यांच्या गाड्यांचं इंधन बंद, दोन लाख. सासरेबुवांचे दोन. दुपारच्या दोन चाळीसची बस बंद करा, तिच्याबरोबर आणखी दोन रिकाम्या फेऱ्या, तीन लाख.”

“दोन चाळीसची? ती तर तुमच्या पत्त्यांच्या अड्ड्याची बस!” मागून कोणीतरी ओरडले. ते खरे होते. चार निवृत्त कंडक्टर आणि स्वतः डबलबेल रोज त्या बसने क्लबात जात, आणि पाचांखेरीज सहावा प्रवासी त्या गाडीने क्वचितच पाहिला असेल.

“म्हणूनच मला ठाऊक आहे ती रिकामी असते. झाले सव्वीस लाख. राहिले बारा. ते मलाही सापडले नाहीत.”

“मग?”

“मग लिहा की, तूट बारा लाख. उघड लिहा. बँकेला सांगा तीन वर्षांत फेडतो, आणि कशी फेडतो ते दाखवा. कर्ज काढणं पाप नाही. इंजिनासाठी काढा, मी हात वर करतो. डिझेलसाठी दर महिन्याला काढू नका. आणि कारंजं म्हणजे तर नुसता हॉर्न आहे हो! हॉर्नसाठी कर्ज काढणारा मालक पाहिलाय कुणी?”

सत्ताधारी बाकांवर हशा पिकला. अध्यक्षांच्या दृष्टीने चिंतेची बाब म्हणजे तो त्यांच्याच बाजूने पिकला होता. सात नंबरच्या मार्गावरील प्रभागांचे चार सदस्य आपसात कुजबुजू लागले. दुरुस्ती मताला टाकावी, अशी मागणी डबलबेल यांनी केली. परंतु हात मोजायचे तर त्यांचे सहा सहकारी बाहेर होते. शिपाई निरोप घेऊन गेला आणि निरोप घेऊन आला: आत आल्यास सभात्याग मागे घेतल्यासारखे होईल, सबब वकीलसाहेब असमर्थ आहेत.

डबलबेल यांनी जागा सोडली नाही. त्यांनी फक्त दाराकडे तोंड केले आणि छाती भरून हाक दिली: “आत चला, आत चला! पुढं जागा आहे!”

त्यानंतर जे घडले त्याची नोंद इतिवृत्तात करता आली नाही. ज्या माणसांनी शाळेत, कचेरीत, बाजारात जाताना उभे आयुष्य त्या हाकेसरशी पाऊल पुढे टाकले होते, ती माणसे कप हातात घेऊन एकमेकांना रेटत सभागृहात शिरली. वकीलसाहेब सर्वांत पुढे होते. मधल्या वाटेपर्यंत आल्यावर त्यांना आपण काय करतो आहोत याचे भान आले. पण मागून पाचजण लोटत होते, आणि हातातल्या कपामुळे त्यांना आवेशाने वळताही येईना. एका ज्येष्ठ सत्ताधारी सदस्याने तर सवयीने सुट्टे पैसे काढण्यासाठी खिशात हात घातला. वृत्तपत्राचा वार्ताहर, जो बाराही वर्षे व्हरांड्यातूनच बातमी देत आला होता, तोही गर्दीबरोबर आत वाहून आला आणि त्याने वही उघडली.

अध्यक्षांना राजकारण किती कळत होते हा वादाचा विषय आहे; मोजता मात्र येत होते. सात आणि चार अकरा होतात, आणि उरतात तेही अकराच. अशा वेळी निर्णायक मत त्यांनी द्यायचे, तेही सासऱ्यांच्या थकबाकीवर, तेही वार्ताहरासमोर. त्यांनी पंधरा मिनिटे सभा तहकूब केली, घरी एक फोन केला, आणि परत येऊन तडजोड मांडली. कारंजे पुढे ढकलायचे. भुतांची यादी जमेतून वगळायची. सात नंबरची बस सहा महिने चालवून मग फेरविचार करायचा. सदस्यांच्या इंधनाला मात्र त्यांनी हात लावू दिला नाही. ते दोन लाख तुटीत टाकून तूट चौदा लाख लिहावी, असे म्हणाले. डबलबेल यांनी कागदावर बाराचे चौदा केले. “उघड लिहिताय ना? मग चालेल,” एवढेच बोलून त्यांनी हात वर केला.

त्या दिवशी ते घरी आले तेव्हा आक्कांनी विचारले, “चहा आणलास?”

“गार झाला.”

“मग मी बसनंच जाते,” त्या म्हणाल्या.

आता, मागाहून काय निकालात निघाले आणि काय बाकी राहिले ते नमूद करून हे टिपण पुरे करतो.

सहा महिन्यांनी फेरविचाराची बैठक झाली. बस चालू राहिली. आक्का आणखी दोन वर्षे चार महिने त्याच बसने जात राहिल्या आणि पहिल्या बाकाबद्दलचा वाद त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. सासरेबुवांनी दोन लाख तीन हप्त्यांत भरले आणि त्यानंतर जावयाला घरी बोलावणे बंद केले. चौदा लाखांची तूट दुसऱ्या वर्षी नऊवर, तिसऱ्या वर्षी चारवर आली. बाजारातील दुकानदारांनी गाड्यांचे भाडे भरले, आणि पुढच्या निवडणुकीत डबलबेल यांना तीनशे मतांनी पाडून ते व्याजासह वसूल केले. तूट त्याच वर्षी शून्यावर आली. म्हणजे साबणाचा कारखाना पुन्हा जमेत चढला. तेव्हा अध्यक्षपदी वकीलसाहेब होते, आणि सिमेंटवाले चौथ्या परिच्छेदाला बाहेर पडत होते. कारंजेही झाले. ते पहिले दोन दिवस चालले.

दोन चाळीसची बस पुन्हा सुरू झाली नाही. पत्त्यांच्या अड्ड्यावरील चार जुन्या सोबत्यांनी डबलबेल यांच्याशी बोलणे टाकले, आणि सात वर्षांनी त्यांच्या अंत्ययात्रेलाही ते निषेध म्हणून पायी आले.

एक बाब मात्र अद्याप निकालात निघालेली नाही. सभात्यागाच्या आदेशाचा भंग केल्याबद्दल पक्षाने त्यांना पाचशे रुपये दंड केला होता. तो त्यांनी भरला नाही. कोणत्या नियमान्वये, अशी लेखी विचारणा त्यांनी केली होती आणि तिला उत्तर आले नव्हते. दरम्यान पक्षात फूट पडली. दंड आपल्यालाच देय आहे, असे दोन्ही गटांनी त्यांच्या पत्त्यावर स्वतंत्रपणे कळवले आहे. दोन्ही पत्रे टपालवाल्याने, दुसऱ्या मजल्यावर आता कोणी राहत नसल्याचा शेरा मारून, परत पाठवली. रक्कम येणे आहे.